चार ते पाचची सावली

मूठभर पाणी हवेत सोडायचं, ओतायचं नाही. डबा कमरेला लावून धरायचा, हात मनगटातून फिरवायचा आणि आपण मागं मागं सरकत यायचं, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. एवढंसं शिकायला मारिसेलाला तीन महिने लागले होते. आज मात्र हात चुकत नव्हता.

"तो कोपरा कोरडा राहिला," स्वयंपाकघराच्या खिडकीतून एलोदियाचा आवाज आला.

"आमा, आज तुम्ही पाहुण्या. चार वाजता या आणि बसा. तोवर तोंडाला कुलूप."

"पाहुणीला कोपरा दिसू नये असं कुठं लिहिलंय?"

मारिसेलानं कोपऱ्यावर एक मूठ भिरकावली. मांडवाच्या दोन खांबांना बांधलेल्या झोळीत सात महिन्यांची चेलो पाय झाडत पडली होती. उडालेला एक थेंब तिच्या गालावर आला. ती दचकली, आणि मग रडावं की हसावं याचा जरा विचार करून हसली. सान हुआनच्या दिवशी अंगावर पाणी पडलेलं चांगलंच. वाळवंटातल्या तूसान शहराच्या गल्ल्यांतून आज सकाळपासून पोरं एकमेकांना भिजवत होती. एरवी जूनमध्ये इथं आभाळातून काही पडत नाही.

अडीच वाजले होते. अजून दीड तास.

हे सगळं जानेवारीत ठरलं होतं, तीन राजांच्या सणाचा पाव कापताना. रामिरो, थोरला, सुरी हातात तशीच धरून म्हणाला होता, "आमा, आता बास झालं. ऑगस्टमध्ये थंड हवेचं यंत्र बंद पडलं आणि तू ह्याच फरशीवर सापडलीस. संध्याकाळी सहाला. ओफेलिया आली नसती तर? फीनिक्सला खोली तयार आहे. माझ्याकडे दोन यंत्रं आहेत. एक बंद पडलं तर दुसरं."

एलोदिया काही बोलली नव्हती. ती पाव चावत बसली होती, आणि ती बोलत नाही म्हणजे तिला जायचं नाही, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होतं. पण ऑगस्टची ती फरशीही प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं होती. ओफेलिया, मधली, दवाखान्यात नर्स होती. ती खाली बघून म्हणाली, "रामिरोचं बरोबर आहे. मला रोज दुपारी फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधते."

तेव्हा मारिसेला बोलली होती. धाकट्या एफ्रेनची बायको, घरात येऊन तीन वर्षं झालेली, कुशीत दोन महिन्यांची पोर. "घर तापतं ते परसामुळं. सगळी दुपार ती खडी तापते आणि खिडकीतून आत ओतते. परस नीट केलं तर आमा बाहेर बसतील, पूर्वी बसायच्या तशा."

"जूनमध्ये? बाहेर?" रामिरो हसला होता. "बरं. सान हुआनच्या दिवशी बसून दाखवू दे. चार ते पाच. खुर्ची हलवायची नाही, उठायचं नाही, डोक्यावर बर्फ ठेवायचा नाही. उठली तर त्याच संध्याकाळी माझ्या गाडीत. कबूल?"

"कबूल," मारिसेला म्हणाली. एफ्रेनच्या तोंडात तेव्हा पाव होता. तो गिळून काही म्हणेपर्यंत सगळं ठरून गेलं होतं.

खडी काढायला फेब्रुवारीचा अख्खा महिना गेला. पांढरी, अंड्याएवढी खडी, तिच्याखाली काळं प्लास्टिक, ठिकठिकाणी फाटून चिंध्या झालेलं. त्याच्याखालची माती गुदमरल्यासारखी झाली होती, राखेसारखी, वासही नाही. चेलोला पाठीशी बांधून मारिसेला घमेली भरायची, एफ्रेन कामावरून आला की ती ओढून न्यायचा. "माझं लग्न झालं तेव्हा मी वधू आणली होती," तो म्हणायचा, "खाणकामगार नव्हे." मग त्यानं मेस्कीटच्या लाकडाचे सहा खांब रोवले, वर काठ्या पसरल्या. एलोदिया शेजारी उभी राहून एकच गोष्ट शिकवायची: पाणी मार, धुम्मसनं चोप, वाळू दे, पुन्हा पाणी मार. महिनाभर. जमीन तव्यासारखी गुळगुळीत झाली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं पहिला खराटा फिरवला आणि त्या दिवशी दुप्पट जेवली.

एका गोष्टीवरून मात्र सासू-सुनेचं जमलं नव्हतं. पश्चिमेकडून उन्हाला अडवायला ओकोतियोच्या काटेरी काठ्यांचा कूड घालायचा होता. मारिसेला समुद्राकाठच्या एन्सेनादाची. तिचा कागदावर विश्वास. जानेवारीभर तिनं दर तासाला सावलीच्या कडेला एकेक खडा ठेवून सगळं मापून कागदावर मांडलं होतं.

"कूड थेट नळापर्यंत आण," एलोदिया म्हणाली होती.

"तिथं गरज नाही, आमा. माझ्या खड्यांत ऊन तिकडून येतच नाही. तिथून चेलोची बाबागाडी न्यायला वाट राहू दे."

"जानेवारीत मोजशील ती जानेवारीची सावली, मिहा, पोरी."

मारिसेलाला वाटलं, म्हातारीला तो गंजका नळ लोकांना दिसायला नको आहे. तिनं वाट सोडली.

*

रामिरोनं गाडी गल्लीत लावली तेव्हा तीन वाजून गेले होते. मागं दोरीनं बांधलेली रिकामी खोकी होती. निघण्याआधी त्यानं प्रत्येकावर जाड पेनानं नाव घातलं होतं: 'आमा – कपडे', 'आमा – देवाच्या तसबिरी', 'आमा – स्वयंपाकघर'. हे करताना त्याला वाईट वाटलं होतं, पण काम अर्धवट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तीस वर्षं तो लोकांची घरं गार करत आला होता. उन्हाळ्यात फोन यायचा, तो जायचा, आणि कधी कधी यंत्र दुरुस्त करायच्या आधी खोलीत निपचित पडलेला माणूस उचलावा लागायचा. सावलीवर विसंबणारी माणसं त्यानं पाहिली होती.

परसाच्या फाटकात तो थांबला. एकोणीस वर्षं इथं पाऊल टाकलं की बुटाखाली खडी करकरायची. आज आवाजच झाला नाही.

"या, साहेब आले," एफ्रेन निखाऱ्यांना वारा घालता घालता म्हणाला. "यंत्र आणलं का तुमचं?"

"आणलंय." रामिरोनं कमरेचं मापयंत्र काढलं. बंदुकीसारखं, लांबूनच तापमान सांगणारं. शेजारच्या परसातल्या खडीवर त्यानं नेम धरला. "एकशे एक्कावन्न फॅरनहाइट."

"माणसांचं बोला."

त्यानं मांडवाखालच्या जमिनीवर धरलं आणि आकडा बघून यंत्र मांडीवर आपटलं. पुन्हा धरलं.

"किती?" ओफेलियानं विचारलं. ती कलिंगड कापत होती.

"ब्याण्णव. अर्थात, ओली केलीय ना! मारिसेला, ही परीक्षेत कॉपी झाली."

"आमाच्या आजीच्या वेळेपासून हीच कॉपी चालू आहे," मारिसेला म्हणाली. "तुम्हीपण लहानपणी डबा घेऊन शिंपडायचात म्हणे. आणि अर्धं पाणी ओफेलियाच्या अंगावर."

"अर्धं कसलं, सगळं," ओफेलिया म्हणाली.

"पण हवा?" रामिरो ऐकेना. "हवा एकशे आठच आहे. मांडवात काय आणि बाहेर काय."

"मग तू उन्हात उभा राहा. हवा तीच आहे, तर काय बिघडतं?" ओफेलियानं कलिंगडाची फोड त्याच्या हातात ठेवली. हे बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण सकाळपर्यंत ती त्याच्या बाजूनं होती. तिनं मुद्दाम गंभीर चेहरा केला. "पण चक्कर आल्यासारखं दिसलं की मी थांबवणार. तासबीस मला सांगू नका."

"मीही तेच म्हणतोय," रामिरो म्हणाला.

*

चारला एलोदिया बाहेर आली. निळा झगा, वेणी ओली, पायांत सपाता. ऑगस्टपासून पाय सुजायचे. एका हातात टोपलं, त्यात निवडायचे घेवड्याचे वाळलेले दाणे.

"हे कशाला?" रामिरो म्हणाला.

"रिकामी बसायला मला काय देवळात आणलंय?"

ती बसली. खुर्ची तिची जुनीच होती, चामड्याच्या पट्ट्यांची. मांडवाच्या आढ्याला ओल्या तरटात गुंडाळलेलं पाण्याचं मडकं टांगलं होतं. त्याच्यावरून येणारी झुळूक मानेला लागली आणि एलोदियानं डोळे मिटले. ओल्या मातीचा वास येत होता. हा वास तिला एकोणीस वर्षं नव्हता. खिडकीतून पांढरी खडी दिसायची आणि डोळे चुरचुरायचे म्हणून तिनं पडदा शिवला होता. पुढं पुढं तो उघडणंही सोडलं. आज काही झालं तरी ती ह्या खुर्चीवरून उठणार नव्हती. पाय जळाले तरी.

रामिरो समोरच्या खोडावर बसला. तिथं एकेकाळी मेस्कीटचं झाड होतं. हातावरच्या घड्याळाकडं आणि आईच्या चेहऱ्याकडं तो आळीपाळीनं बघत होता.

"असा बघू नकोस. पाव भट्टीत घातलाय का?"

"घाम आलाय का तुला?"

"आलाय. माणूस आहे मी. घाम येणं बंद झालं की काळजी कर. विचार तुझ्या बहिणीला."

"बरोबर आहे," ओफेलिया म्हणाली. तिनं आईचं मनगट धरलं, नाडी मोजली. "उत्तम. माझ्यापेक्षा चांगली."

साडेचारपर्यंत असंच चाललं. एफ्रेननं मांस निखाऱ्यावर टाकलं. चेलोला भूक लागली, मारिसेला तिला घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून बसली. रामिरो घेवड्यातले खडे निवडू लागला, कारण त्याला हात रिकामे ठेवता येत नसत.

"खडी मी तुझ्यासाठीच टाकली होती," तो एकदम म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं. "बाबा गेले, त्यानंतर तू भर दुपारी परस झाडत होतीस. वेड्यासारखी. मला वाटलं, खडी टाकली की झाडायचं काम संपेल. पाणीही वाचेल."

"माहीत आहे मला."

"झाडही त्यासाठीच कापलं. शेंगा खडीत अडकायच्या, निघायच्या नाहीत."

"तेही माहीत आहे."

ओफेलियाला राहवलं नाही. "सांगून टाक ना, आमा. तुला ती खडी कधी आवडली नाही. एक दिवसही नाही. मला सांगितलंयस, ह्याला का नाही सांगत?"

निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडून चुर्र झालं.

"खरंय?" रामिरोनं विचारलं.

एलोदियानं एक दाणा उजेडात धरला, टोपल्यात टाकला. "अकरा गाड्या खडी तू एकट्यानं उतरवलीस. हातांची सालं निघाली होती. अनसेल्मोला जाऊन चाळीस दिवस झाले नव्हते आणि तू रडला नव्हतास. एकदाही. खडी ओढत होतास. मी म्हटलं, ओढू दे."

"आणि मग?"

"मग काय! दर वेळी फाटकातून आत आलास की बघायचास आणि म्हणायचास, 'बघ आमा, किती स्वच्छ!' त्यावर मी काय सांगणार होते?"

"एकोणीस वर्षं!"

"लवकर गेली," एलोदिया म्हणाली. "पडदा होता."

*

पाचला वीस मिनिटं कमी असताना मारिसेलाला ते दिसलं.

आधी कुडाच्या टोकाशी, नळाजवळ, जमिनीवर एक पिवळी रेघ. मग रेघेची पट्टी. जूनचा सूर्य उत्तरेकडं सरकला होता आणि जी वाट तिनं बाबागाडीसाठी सोडली होती, नेमका त्या वाटेनं आत शिरत होता. जानेवारीत तो तिकडं फिरकलाही नव्हता. म्हणून खड्यांनी सांगितलं नव्हतं. आमांनी सांगितलं होतं.

पट्टी एलोदियाच्या सपातांवर चढली.

मारिसेलानं मान वळवून ती वाट पाहिली. पाच महिने, घमेली, चोपणं, पाठीवरची पोर, आणि आता दोन हातांची फट! खुर्ची हलवायची नाही असं ठरलेलं. तिनं एलोदियाकडं पाहिलं. एलोदिया घेवडे निवडत होती. पायांना काही होत असल्याचं चेहऱ्यावर नावालाही नव्हतं. ऊन घोट्यांवर आलं. सुजलेली कातडी तांबडी होऊ लागली.

"आमा," मारिसेला अर्धवट उठत म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्ही नळापर्यंत म्हणाला होतात. उठा तुम्ही. हरलो तर हरलो, पण पाय..."

"बस खाली. पोरगी पितेय."

"आमा, उठ," ओफेलियाही म्हणाली.

"पाच वाजले?"

"नाही, पण..."

"मग गप्प बसा दोघी."

रामिरो हे सगळं बघत होता. वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं होतं. तो जिंकला असता, आणि ती त्याच्या घरी, दोन यंत्रांच्या गार खोलीत, सुरक्षित राहिली असती. त्यानं आईच्या जबड्याकडं पाहिलं. अनसेल्मोच्या शवपेटीमागं चालताना तो असाच आवळलेला होता. त्याला एकदम कळून चुकलं, ही उठणार नाही. पाय भाजून फोड आले तरी उठणार नाही. आणि गाडीत घालून नेली तर तिथंही अशीच बसेल, पडदा लावून, आणि त्याला कधी काही सांगणार नाही.

तो उठला. नळाकडं गेला. कुडाच्या टोकाशी, त्या फटीत, पाठ उन्हाला करून उभा राहिला. त्याची लांब सावली जमिनीवरून सरकत आली आणि आईच्या गुडघ्यांपर्यंत पडली.

एफ्रेनच्या हातातला चिमटा हवेत तसाच राहिला.

"हे चालतं का पैजेत?" शेवटी एफ्रेननं विचारलं.

"खुर्ची हलवायची नाही एवढंच ठरलं होतं," रामिरो म्हणाला. "माझं काही ठरलं नव्हतं."

"थोडा डावीकडं हो," एलोदिया टोपल्यातून नजर न काढता म्हणाली. "अंगठा उघडा आहे."

तो डावीकडं झाला.

"आता बरं. लग्नानंतर तुझी सावली चांगली रुंद झालीय."

ओफेलियाला हसू फुटलं आणि तेवढ्यातच डोळेही भरले. तिनं एप्रननं दोन्ही पुसलं. रामिरोच्या शर्टाची पाठ ओली होऊन चिकटली होती. मारिसेलानं चेलोला झोळीत टाकलं, डबा भरला, त्याच्याजवळ गेली आणि विचारलं, "सान हुआन आहे. चालेल?" तो "नाही" म्हणायच्या आत तिनं अख्खा डबा त्याच्या डोक्यावर रिकामा केला. तो ओरडला. चेलो खिदळली. थंड पाणी मानेवरून पाठीत उतरलं आणि पायाखालची कोरडी राहिलेली माती काळी झाली.

"मिहा, ओतायचं नाही, शिंपडायचं," एलोदिया म्हणाली.

डोळ्यांवरचं पाणी निपटत रामिरोनं फट निरखली. हातानं मापली. दुरुस्त करायच्या वस्तूकडं तो बघायचा तसाच आता बघत होता. "सोळा काठ्या लागतील. वरून थोडा बाक द्यायचा, म्हणजे जुलैतही पुरेल. बाबागाडी दुसऱ्या बाजूनं काढा. उद्या आणतो मी काठ्या." मग तो थांबला. "आज काय करायचं? मी काही दिवसभर उभा राहणार नाही. एफ्रेन! गाडीतली खोकी आण."

"कुठली?"

"आहेत ती सगळी. आणि तार."

एफ्रेन पळतच गेला. चाकूनं खोकी उभी फाडली, सपाट केली. रामिरो खांबापासून नळापर्यंत तारेनं ती बांधत गेला, एकावर एक, काटे बोटांत घुसत असताना. मारिसेला दुसरं टोक धरून उभी होती. "तुझ्या कागदात हे नव्हतं ना?" त्यानं हळूच विचारलं. "नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या कागदात खडी होती," तो म्हणाला. दोघांनी मिळून शेवटची गाठ मारली.

ऊन बाहेर राहिलं. तो बाजूला झाला तरी सावली जागची हलली नाही.

पाच कधी वाजून गेले ते कुणी पाहिलंच नव्हतं. ओफेलियानं घड्याळ बघितलं तेव्हा सव्वापाच झाले होते. तिनं ते कुणाला सांगितलंही नाही. आईच्या घोट्यांवर ओलं फडकं ठेवून ती जमिनीवरच बसली, पाय पसरून. लहानपणी बसायची तशी.

एलोदिया नव्या भिंतीकडं बघत होती. वरच्या खोक्यावर जाड काळ्या अक्षरांत लिहिलेलं आतल्या बाजूला आलं होतं. तिनं डोळे बारीक करून सावकाश वाचलं.

"'आमा – स्वयंपाकघर.'"

रामिरो कानापर्यंत तांबडा झाला. "ते... मी उलटं करून लावतो."

"राहू दे."

तिनं टोपलं ओफेलियाच्या मांडीवर ठेवलं, खुर्चीचे हात धरले आणि उठली. आता कुणी तिला अडवलं नाही. झगा झटकून ती निखाऱ्यांपाशी गेली, वरून हात फिरवून धग पाहिली.

"एफ्रेन, ते मांस उतरव. मारिसेला, आत कणीक मळून ठेवलीय, ती घेऊन ये. आणि येताना माझा मोठा तवा आण." तिनं बाह्या वर सारल्या. "तवा आता इथंच राहील."